९ जणांची मासे पार्टी करायचीये पुण्यात, ऑर्डर कशी द्यावी? आणि बांगड्याचं तिखलं कुठे मिळेल का?

भाकरतुकडा:

नमस्कार मंडळी, पोस्ट जरा मोठी झालीये पण प्लीज शेवटपर्यंत वाचा, खरंच मदत हवीये.

नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात आमचा कॉलेजचा ग्रुप पुण्यात भेटतोय. एकूण ९ जण, त्यातले सहा तरी १२ वर्षांनी एकमेकांना बघणार. निमित्त म्हणजे आमचा एक मित्र कॅनडाहून येतोय. मूळचा वेंगुर्ल्याजवळचा. कॉलेजच्या चार वर्षांत हा प्रत्येक सुट्टीनंतर रात्रीच्या एसटीने निघायचा, सकाळी स्वारगेटला उतरायचा आणि त्याच्या हातात एक चार पुडांचा स्टीलचा डबा असायचा. सगळ्यात खालच्या पुडात बांगड्याचं तिखलं. काकू मुद्दाम आदल्या दिवशी करायच्या, म्हणायच्या तिखलं शिळंच खायचं असतं, मुरल्याशिवाय त्याला चव नाही. आम्ही मुली हॉस्टेलच्या गेटवर भाकऱ्या घेऊन थांबायचो, समोरच्या खानावळीतल्या मावशींकडून सांगून करून घेतलेल्या. मी कोथरूडची, घरी मासा फक्त कधीतरी पापलेट, काटे काढून बांगडा खायला मला त्या डब्याने शिकवलं.

काकू मागच्या वर्षी गेल्या. तेव्हा तो आला आणि चार दिवसांत परत गेला, आमच्यापैकी कोणालाच भेटता आलं नाही त्याला. म्हणून ह्यावेळी आम्ही सगळ्यांनी ठरवलंय की त्याला मनसोक्त मासे खायला घालायचे, खर्चाचं बघू. घरी करावं तर ९ जणांचं आमच्यापैकी कोणालाच झेपणारं नाही आणि आमच्या सोसायटीत मासे शिजवलेले चालत नाहीत, त्यामुळे हॉटेलच.

आता अडचणी. एकाला कोळंबीची अ‍ॅलर्जी आहे (मासे चालतात, कोळंबी खेकडा नाही). एकीचा नवरा शुद्ध शाकाहारी पण टेबलावर मासे असले तर त्याला काही वाटत नाही. एक सांगलीचा आहे, तो नदीचा मासा आवडीने खातो पण समुद्राच्या माशाला वास येतो म्हणतो. एकजण आख्खा मार्गशीर्ष पाळते म्हणून त्याच्या आत उरकायचंय. गेल्या वर्षी आम्ही पाचजण असेच एका हॉटेलात गेलो होतो (नाव नाही लिहीत), सगळ्यांनी मेन्यू बघून एकदम चौदा पंधरा गोष्टी सांगून टाकल्या, सगळं एकाच वेळी टेबलावर आलं, अर्ध्या तासात बोंबील नरम, सुरमई गार, खेकडे कोणी फोडेना कारण हात आधीच भरलेले, आणि शेवटी पोटं भरूनही काय खाल्लं ते आठवेना. तसं ह्यावेळी अजिबात व्हायला नकोय.

तर काय मागवू, किती मागवू, कुठल्या क्रमाने? आणि तिखलं पुण्यातल्या हॉटेलात मिळतं का? मालवणी थाळी सगळीकडे दिसते पण तिखलं मेन्यूवर मी तरी बघितलं नाहीये.

तिरफळ:

अगं वाचून डोळ्यात पाणी आलं. मी देवबागची, लग्न होऊन २२ वर्षं झाली पुण्यात. तुझ्या काकू बरोबर सांगायच्या, तिखलं दुसऱ्या दिवशीच.

आधी तिखल्याचं सांगते. हॉटेलात मिळत नाही ह्याला कारण आहे. तिथे वाटण एकच असतं, भाजलेला कांदा खोबरं आणि गरम मसाला, त्याच रश्शात सुरमई टाकली की सुरमई करी, कोळंबी टाकली की कोळंबी करी. तिखल्यात ह्यातलं काही नाही. लाल मिरची, हळद, ओलं खोबरं असलं तर अगदी थोडं वाटून, आमसुलं, आणि शेवटी ठेचलेली तिरफळं. कांदा नाही, लसूण आमच्याकडे तरी नाही, गरम मसाला तर नाहीच नाही. बांगडा तेलकट मासा, त्याचा उग्रपणा मारायला तिरफळ लागतं. रस अंगाबरोबर असतो, भातावर ओतायचा रस्सा नव्हे.

पण करून देणार नाहीत असं नाही हं. छोट्या मालवणी हॉटेलात आचारी बऱ्याचदा आमच्याच बाजूचा असतो. आदल्या दिवशी दुपारी चार साडेचारला, गर्दी नसताना जा, मॅनेजरशी नको थेट आचाऱ्याशी बोल, आणि जाताना तिरफळं घेऊन जा, कारण पुण्यात हॉटेलवाले ठेवतीलच असं नाही. मंडईजवळच्या मसाल्याच्या दुकानांत विचारून बघ. घेताना हातात चोळून वास घे, वास आला नाही तर जुनी आहेत. आतली काळी बी काढून टाकायची, फक्त वरची टरफलं वापरायची. जिभेला जरा झिणझिण्या येतात त्या त्याच्याच. दुकानात नाही मिळाली तर मला मेसेज कर, माझ्याकडे गावची पुडी आहे, मी देते.

आता क्रम. मी घरी पाहुणे आले की असंच वाढते म्हणून सांगते. आधी तळलेलं, मग सुकं, मग रस्सा भात, आणि सोलकढी शेवटी. लोक बसल्या बसल्या सोलकढी मागवतात आणि भुकेपोटी दोन दोन ग्लास पितात, तिथेच निम्मं पोट भरतं. तळलेलं म्हणजे बोंबील आणि मांदेली, आणि हे एका वेळी दोनच प्लेट मागवायचे, संपले की पुढचे दोन. बोंबील तव्यावरनं उतरला की पाच मिनिटांत खायचा मासा आहे, त्यात पाणीच इतकं असतं की तो वाट बघत नाही. मांदेली काट्यासकट कुरकुरीत खायची, तुझ्या सांगलीवाल्याला आधी ती दे, वास बिस काही येत नाही. मग मोठं पापलेट किंवा सुरमईच्या तुकड्या. मग तिसऱ्यांचं (शिंपल्यांचं) सुकं आणि भाकरी. खेकडे मधे घ्यायचे, शेवटी नको, शेवटी कोणात फोडायचा दम राहत नाही. आणि खेकड्याला वेळ लागतो, तर बसल्या बसल्या पहिली ऑर्डर खेकड्याची देऊन टाक आणि सांग की पाऊण तासाने आण.

शाकाहारी जावईबापूंना पनीर घालू नकोस, मालवणी हॉटेलात आलेत तर काळ्या वाटाण्याचं सांबारं आणि वडे सांग, सोलकढी तर आहेच. मासे खाणारेही त्यांच्या ताटात हात घालतील बघ.

पहाटेचा_बाजार:

वडील गणेश पेठेत मासळीच्या धंद्यात होते, मी शाळेत असल्यापासून पहाटे त्यांच्याबरोबर जायचो, आता धंदा नाही पण ओळखी आहेत. तिरफळ ताईंनी खाण्याचं छान सांगितलंय, मी मालाचं सांगतो.

पुण्याला समुद्र नाही. जो मासा तुम्ही खाताय तो रात्रभर बर्फात प्रवास करून आलाय, रत्नागिरी, मुंबई, काही माल गुजरातच्या वेरावळकडचा. त्यामुळे 'आत्ताच जाळ्यातनं काढलाय' असं पुण्यात कोणी सांगितलं तर ऐकून सोडून द्यायचं. पण बर्फ नीट घातलेला असेल (आमच्याकडे हिशेब साधा, जेवढा मासा तेवढा बर्फ) तर मासा उत्तम राहतो, त्यात कमी काही नाही. बिघडतो तो हॉटेलच्या फ्रीजरमध्ये आत बाहेर आत बाहेर केला की.

म्हणून वार बघा. पुण्यात बुधवार, शुक्रवार, रविवार हे खायचे वार, त्या दिवशी हॉटेलवाला माल जास्त उचलतो. सोमवारी जाऊ नका, रविवारचा उरलेला समोर येण्याची शक्यता जास्त, गुरुवार शनिवारी तर अर्धं गाव खातच नाही. रविवार दुपारी ९ जणांचं टेबल म्हणजे दारात उभं राहून वाट बघणं आणि आत गेल्यावर वेटर घाईत. माझं मत शुक्रवार संध्याकाळ, साडेसातला जाऊन बसा, आठनंतर गर्दी सुरू होते.

नोव्हेंबर आहे म्हणून नशीबवान आहात. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते, तेव्हा विचारलं असतं तर मी पार्टी पुढे ढकला म्हणालो असतो. पावसाळा संपला की बांगडा छान भरलेला असतो. किलोत पाच बसतील असा बघा, त्याहून मोठा हावरटपणाने घेऊ नका, तिखल्याला मध्यमच बरा.

ऑर्डर द्यायच्या आधी कच्चा मासा ट्रेमध्ये दाखवायला सांगा. चांगल्या ठिकाणी ते स्वतःच दाखवतात, आणि कोणी काचकूच केलं तर समजून जा. डोळा फुगीर आणि स्वच्छ हवा, खोल गेलेला पांढुरका नको. कल्ला उचलून बघा, लालभडक पाहिजे, चॉकलेटी झाला असेल तर नाही म्हणा. बोटाने दाबा, खड्डा भरून वर आला पाहिजे. बांगड्याबाबत हे जास्तच महत्त्वाचं, कारण बांगडा सुरमई ह्या जातीचे मासे बर्फाशिवाय राहिले की त्यात हिस्टामिन तयार होतं आणि ते शिजवून जात नाही, तळून पण नाही. खाल्ल्यावर तोंड लाल होतं, अंगाला खाज सुटते, लोक म्हणतात मला माशाची अ‍ॅलर्जी आहे, प्रत्यक्षात मासा राखलेला नसतो.

खेकडा जिवंतच बघायचा. पोटाखालची झडप रुंद गोल असली तर मादी, निमुळती त्रिकोणी असली तर नर. लाख, म्हणजे आतली अंडी, खायची हौस असेल तर मादी, नांग्यांत मांस हवं असेल तर नर. हातात घेऊन वजन बघा, आकाराच्या मानाने जड लागला पाहिजे. आमच्याकडे जुने लोक अमावस्येच्या बाजूचा खेकडा भरलेला म्हणतात, पौर्णिमेचा पोकळ, वडील त्याप्रमाणेच माल घ्यायचे.

पापलेट एक मोठं घ्या, चार बारकी घेऊ नका. २०२३ साली सरकारने पापलेटला राज्य मासा जाहीर केलंय आणि बारकी पिल्लं पकडू नयेत म्हणून किमान लांबीही ठरवून दिलीय, तरी ताटात हाताच्या तळव्याएवढी पापलेटं येतात, बघून मला खरंच त्रास होतो. ज्याने अजून एकदाही अंडी घातली नाहीत तो मासा खाल्ला तर पुढच्या वर्षी येणार कुठून?

अजून एक, 'बोनलेस फिश' लिहिलं असेल ते मागवू नका. बऱ्याच ठिकाणी तो बासा असतो, गोड्या पाण्यातला पाळलेला, व्हिएतनामहून यायचा आता आपल्याकडेही पाळतात. खायला वाईट नाही, पण वेंगुर्ल्याच्या माणसाला तो देऊ नका.

औषधपाणी:

अ‍ॅलर्जीवाल्या मित्राबद्दल लिहिते कारण वरती कोणी त्याकडे बघितलं नाहीये आणि मी स्वतः ह्यातून गेलेय.

कोळंबी, खेकडा, शेवंड ह्या सगळ्यांत ट्रोपोमायोसिन नावाचं एकच प्रथिन असतं, बहुतेकांची अ‍ॅलर्जी त्याची. ते शिजवल्याने तळल्याने नाहीसं होत नाही. म्हणजे ज्या तेलात कोळंबी तळली त्याच तेलात त्याची मांदेली तळली तरी त्रास होऊ शकतो. माझ्या बाबतीत तेच झालं, मी फक्त सुरमई मागवली होती, तव्यावर आधी कोळंबी झाली होती, वीस मिनिटांत ओठ सुजले आणि आवाज बसला. माझ्या भावाने वेळ न घालवता गाडीत घातलं म्हणून निभावलं.

तर आचाऱ्याशी तिखल्याचं बोलायला जाणारच आहात तेव्हा हेही बोला. त्याचा मासा धुतलेल्या वेगळ्या तव्यावर, नवीन तेलात, सगळ्यांत आधी. रश्शाचं विचारा, सोडे किंवा जवळा (दोन्ही कोळंबीचेच प्रकार) घातलाय का, चटणी कोशिंबिरीत पण सुकट असते आणि ती दिसत नाही. तिसऱ्यांचंही त्याला द्यायचं असेल तर आधी त्याच्या डॉक्टरांना विचारूनच. टेबलावर त्याची प्लेट एका टोकाला, त्याच्या पदार्थांना वेगळे चमचे, आणि खेकडा फोडलेल्या हाताने कोणी त्याला प्रेमाने घास भरवू नका, मित्रांमध्ये हेच होतं.

डॉक्टरांनी अ‍ॅड्रेनलिनचं इंजेक्शन लिहून दिलं असेल तर ते खिशात, गाडीत नाही. नुसती अ‍ॅलर्जीची गोळी श्वासाच्या त्रासाला पुरत नाही. श्वास लागला, आवाज बदलला, चक्कर आली की १०८ किंवा सरळ जवळचं हॉस्पिटल, 'थोडं थांबून बघू' करायचं नाही. घाबरवायचं नाहीये, मी आजही मासे खाते आणि आनंदाने खाते, फक्त विचारून खाते.

कृष्णाकाठ:

मी सांगलीचाच, म्हणून तुमच्या मित्राच्या वतीने बोलतो. आम्ही वाम आणि मरळ खाऊन मोठे झालेले, आमच्या मटणाच्या मसाल्यातला मासा आम्हाला कळतो. समुद्राच्या माशाचा वास येतो हे खरं आहे पण तो मासा जुना असला तरच, हे मला रत्नागिरीत नोकरी लागल्यावर समजलं. पहिल्यांदा बांगडा देऊ नका. मांदेली चालेल, मग मुडदुशा मिळाल्या तर द्या, गोडसर आणि मऊ असतात. तिथून तो आपोआप पुढे सरकेल, जबरदस्ती कुणी करू नये एवढंच.

हिशेबनीस:

खाण्याचं सगळ्यांनी लिहिलं, पैशाचं कोणीच नाही आणि ग्रुपमध्ये कटकट तिथेच होते.

मेन्यूमध्ये पापलेट, खेकडा, शेवंड ह्यांच्यापुढे किंमत नसते, 'साइझप्रमाणे' लिहिलेलं असतं. ट्रे दाखवायला आणला की तिथेच विचारायचं ह्याचे किती, वजन किती, आणि वजन साफ करायच्या आधीचं की नंतरचं. लाजायचं नाही. एका ठिकाणी आम्ही न विचारता दोन खेकडे सांगितले, बिलात ते निम्म्याहून जास्त निघाले, आणि ज्याने सांगितले त्याचं तोंड उतरलं ते रात्रभर तसंच.

साध्या रेस्टॉरंटला जीएसटी ५ टक्के. सर्व्हिस चार्ज वेगळा लावला असेल तर तो देणं न देणं तुमच्यावर आहे, २०२२ च्या ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या सूचनांप्रमाणे हॉटेल तो आपोआप बिलात घालू शकत नाही. त्यापेक्षा टिप आचाऱ्याच्या आणि वेटरच्या हातात द्या.

वाटणी आधीच ठरवा. पाहुण्याकडून घ्यायचे नाहीत, शाकाहारी माणसाकडून त्याच्या ताटापुरते, बाकी समान. अ‍ॅलर्जीवाल्याने कमी खाल्लं तरी तो समानमध्येच यायचा आग्रह धरेल, धरू द्या.

भाकरतुकडा:

मंडळी, झाली पार्टी!! उशीर झाला लिहायला, सॉरी, तो गेल्यावर दोन दिवस काही सुचत नव्हतं.

शुक्रवारीच गेलो. कर्वे रोडच्या आतल्या गल्लीतलं छोटं हॉटेल आहे. नाव लिहीत नाही कारण आचारी मामांनी जे केलं ते मेन्यूवरचं नाही आणि उद्या इथनं दहाजण जाऊन तिखलं मागतील तर त्यांना त्रास. गुरुवारी दुपारी गेले, तिरफळ ताईंनी दिलेली पुडी पुढे केली (ताई तुम्ही कर्वेनगरहून स्वतः आणून दिलीत, काय बोलू). मामांनी पुडी उघडली, दोन तिरफळं बोटांत चुरडून नाकाशी नेली आणि विचारलं, "खंयची?" मी म्हटलं देवबागची. मग त्यांनी बसायला खुर्ची दिली. म्हणाले उद्याचं तिखलं उद्या करून उपयोग नाही, आज रात्री टाकतो, बांगडा आज सकाळचा आहे, बघून घ्या. आणि खरंच ट्रे आणून दाखवला, मी कल्ला उचलून बघितला, लाल होता. पहाटेचा बाजार दादा, मी आयुष्यात पहिल्यांदा माशाचा कल्ला उचलला.

अ‍ॅलर्जीचं सांगितल्यावर मामांनी एका मुलाला हाक मारून बजावलं की त्या माणसाचं सगळं आधी आणि वेगळ्या तव्यात. शुक्रवारी त्याची सुरमई आमच्या आधी दहा मिनिटं आली, वेगळ्या रंगाच्या प्लेटमध्ये. तो म्हणाला इतक्या वर्षांत हॉटेलमध्ये मी पहिल्यांदा निवांत जेवतोय. त्याच्या बायकोने मला नंतर बाजूला घेऊन थँक्यू म्हटलं, ते औषधपाणी तुमच्यासाठी.

बोंबील दोन दोन प्लेट करत आठ प्लेट झाले. वरचं रव्याचं आवरण दाताखाली फुटायचं आणि आत मासा असा की चावावा लागत नव्हता. सांगलीकर मांदेली खाताना गप्प होता, मग हळूच दुसरी प्लेट स्वतःकडे ओढली, मुडदुशा मिळाल्या नाहीत तर पापलेटवर आला, आणि शेवटी भाताबरोबर रस्सा पण मागितला त्याने. पापलेट एकच, मोठं, आख्खं, मधून आडवं कापून सगळ्यांना पुरवलं. जावईबापूंचे वडे तीनदा मागवावे लागले कारण सगळेच तोडून घेत होते.

खेकडे चार, सात जणांत अर्धा अर्धा आणि उरलेला अर्धा कॅनडावाल्याला. हॉटेलवाल्यांनी फोडायला अडकित्ते दिले होते पण त्याने घेतला नाही. नांगी पाटीवर आडवी ठेवली, वाटीच्या बुडाने सांध्याच्या जरा वर एकच ठोका, कवच उभं चिरलं आणि आतलं मांस आख्खं, नांगीच्या आकारात बाहेर. मग बारक्या पायाचं टोक दाताने मोडून दुसऱ्या बाजूने ओढायचं कसं ते दाखवलं. आम्ही सहाजण त्याच्याकडे बघत बघत करत होतो, कोणी फोन काढला नाही, हात तसे होतेच कुठे. काकू सुट्टीत त्यांच्या घरी गेलेल्या माझ्या रूममेटला पण असंच शिकवायच्या म्हणे, ती सांगत होती.

तिखलं सगळ्यात शेवटी आणा असं मी सांगून ठेवलं होतं, त्याला काही माहीत नव्हतं. मामा स्वतः घेऊन आले, मातीच्या पसरट भांड्यात, रस सगळा आटून बांगड्याच्या अंगाला लागलेला, कडेला तेल सुटलेलं, आणि झाकण काढल्यावर तो वास. त्याने भाकरीचा तुकडा मोडला, लावला, तोंडात घातला. काही बोलला नाही. मग एक तिरफळाचं टरफल तोंडातून काढून ताटाच्या कडेला ठेवलं, दुसरं ठेवलं, कॉलेजमध्ये करायचा तसंच ओळीने. मग मामांना मालवणीत काहीतरी विचारलं, मामांनी उत्तर दिलं, आणि ते दोघं पाच मिनिटं बोलत राहिले, मामांचं गाव त्याच्या गावापासून एक खाडी सोडून निघालं. आम्हाला अर्धंच कळलं. आम्ही जेवत राहिलो.

बिल १७,६४० झालं जीएसटी धरून, सर्व्हिस चार्ज नव्हता. जावईबापूंचे ७००, बाकी सातजणांत २,४२० प्रत्येकी, मामांना आणि मुलांना वेगळे दिले. खेकड्यांचा भाव आधीच विचारला होता म्हणून कोणाचं तोंड उतरलं नाही. तिसऱ्या राहिल्या, पोटात जागाच नव्हती.

आणि तिखल्यातले तीन बांगडे उरले ते मी डब्यात भरून घेतले. शेवटच्या सेमिस्टरला काकूंच्या चार पुडांतला एक पुडा माझ्याकडे राहिला होता, वर त्यांचं नाव कोरलेलं आहे, तोच पर्समधून घेऊन गेले होते. रात्री फ्रीजमध्ये ठेवला. शनिवारी सकाळी तो घरी आला तेव्हा भाकऱ्या केल्या आणि आम्ही दोघं तिघं ओट्याजवळ उभ्यानेच खाल्लं. आदल्या रात्रीपेक्षा छान लागत होतं.

तिरफळ:

वाचता वाचता हातातलं काम राहिलं गं. मामांना माझा नमस्कार सांग. आणि डबा? दिलास का त्याला परत?

भाकरतुकडा:

दिला ताई. घासून पुसून दिला, आणि रिकामा डबा परत द्यायचा नसतो म्हणून तुमच्या पुडीतली उरलेली तिरफळं आत घातली.